रानातील पाहुणा

'सफारी' हा शब्द आज जगभर आफ्रिकेतील वन्यप्राणी पाहण्याच्या सहलीसाठी वापरला जातो. तो स्वाहिली भाषेतला असून त्याचा मूळ अर्थ 'प्रवास' एवढाच आहे. स्वाहिलीने तो अरबीतून घेतला. त्याच अरबी मुळातून, फारसीच्या वाटेने, मराठीत 'सफर' हा शब्द आला. म्हणजे केनियातील सफारी आणि मराठीतील सफर ही एकाच घरची भावंडे होत. सफरीला निघालेला माणूस कोठेतरी पोहोचतो आणि तेथे तो पाहुणा होतो. पाहुण्याने कसे वागावे याचे काही संकेत प्रत्येक समाजाने ठरवलेले आहेत. यजमान माणूस असेल तर त्या संकेतांचा भंग झाल्यावर तो नाराजी तरी दाखवतो. यजमान जेव्हा एखादे रान असते, तेव्हा मात्र ते काहीच बोलत नाही. म्हणूनच आफ्रिकेतील अभयारण्यांत पाहुण्यांसाठी कोणते उपक्रम असावेत आणि कोणते नसावेत, हा प्रश्न केवळ करमणुकीचा राहत नाही. त्यावर तेथील प्राण्यांचे जगणे आणि आसपासच्या माणसांची उपजीविका अवलंबून असते.

या प्रश्नाला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी सफारी म्हणजे शिकार असाच अर्थ रूढ होता. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट १९०९ साली पूर्व आफ्रिकेत गेले. त्या मोहिमेत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून पाचशेहून अधिक प्राणी मारले. संग्रहालयासाठी नमुने गोळा करणे हा मोहिमेचा जाहीर हेतू होता. परंतु तिची जगभर झालेली प्रसिद्धी मुख्यतः शिकारीच्या पराक्रमाची होती. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकी रानम्हैस या प्राण्यांना आजही तेथे 'बिग फाइव्ह', म्हणजे 'मोठे पाच', म्हणतात. ही नावे एकत्र आली ती सौंदर्यामुळे नव्हे, आकारामुळेही नव्हे. पायी शिकार करताना हेच पाच प्राणी सर्वांत धोक्याचे ठरत, म्हणून शिकाऱ्यांनी ही यादी बनवली.

पुढे काळ बदलला. दक्षिण आफ्रिकेत १९२६ साली क्रूगर राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले आणि दुसऱ्याच वर्षी तेथे मोटारीतून पर्यटक येऊ लागले. केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. आफ्रिकेतील काही देशांत परवान्याने शिकार अद्याप चालते; परंतु आज अभयारण्यात जाणाऱ्या बहुसंख्य पाहुण्यांच्या हाती बंदूक नसते, कॅमेरा असतो. हा बदल निश्चितच स्वागतार्ह आहे. मात्र शस्त्र बदलले तरी वृत्ती आपोआप बदलत नाही. संध्याकाळी मुक्कामावर परतलेले पाहुणे एकमेकांना आजही विचारतात, "पाचांपैकी किती दिसले?" शिकार संपली, शिकाऱ्याची यादी आणि शिकाऱ्याची घाई मात्र उरली. आजच्या सफारीतील बऱ्याच दोषांचे मूळ या घाईत आहे.

खासगी अभयारण्यातील पाहुण्यांची दिनचर्या साधारणपणे ठरलेली असते. पहाटे उजाडण्यापूर्वी चहा-कॉफी देऊन त्यांना उठवतात. उघड्या जीपमधून तीन-चार तासांची पहिली फेरी होते. दुपारी प्राणी सावलीत विसावतात, तेव्हा पाहुणेही विश्रांती घेतात. ऊन उतरल्यावर दुसरी फेरी निघते आणि सूर्यास्तानंतर काही ठिकाणी प्रखर दिव्याच्या प्रकाशात निशाचर प्राणी दाखवतात. दक्षिण आफ्रिकेतील अनेक अभयारण्यांत जीपच्या अगदी पुढच्या भागावर एक छोटी खुर्ची बसवलेली असते. तिच्यावर माग काढणारा माणूस बसतो. धुळीतील ठसा ताजा की शिळा, प्राणी चालत गेला की धावत, एकटा होता की पिल्लांसह, हे तो चालत्या गाडीतून ओळखतो. अशा माणसांचे ज्ञान पुस्तकातून आलेले नसते. ते पिढ्यान्‌पिढ्या पायांनी आणि डोळ्यांनी मिळवलेले असते. त्यांच्यापैकी कित्येकांना शाळेचे शिक्षण फारसे लाभले नाही, तरीही उच्चशिक्षित पाहुणे त्यांच्यापुढे विद्यार्थी होऊन बसतात. सफारीतील हा क्षण मोलाचा मानला पाहिजे.

अडचण निर्माण होते ती पाहुण्यांना विद्यार्थी व्हायचे नसते तेव्हा. केनियातील मसाई मारा अभयारण्यातील चित्त्यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. चित्ता वेगवान असला तरी बलवान नाही. सिंह आणि तरस त्याच्या तोंडचा घास हिरावतात, म्हणून तो मुख्यतः दिवसा शिकार करतो. नेमक्या त्याच वेळी पर्यटकांच्या गाड्याही फिरत असतात. मारातील चित्त्यांच्या माद्यांचा काही वर्षे अभ्यास करून २०१८ साली एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ज्या भागात पर्यटकांची वर्दळ कमी होती, तेथे एका वेतातील सरासरी २.३२ पिल्ले स्वतंत्र होण्याच्या वयापर्यंत जगली. जेथे वर्दळ फार होती, तेथे हे प्रमाण अवघे ०.२१ होते. गाड्यांखाली पिल्ले चिरडली गेली, असा याचा अर्थ नव्हे. भोवती गाड्यांचा गराडा पडला की सावज सावध होते, शिकार फसते, आई अस्वस्थ होते आणि पिल्ले उपाशी राहतात, अशी ही अप्रत्यक्ष साखळी असावी. त्या गाड्यांत बसलेल्या एकाही माणसाला चित्त्याचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते. सर्वांना चित्ता आवडतच होता. केवळ आवड असणे पुरेसे नसते, हा या आकड्यांचा धडा आहे.

भारतीय वाचकाने तो विशेष लक्षात ठेवावा. आपल्या देशातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ साली जाहीर झाले होते. २०२२ साली नामिबियातून आठ आणि २०२३ साली दक्षिण आफ्रिकेतून बारा चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणले गेले. आफ्रिकेने दिलेल्या या प्राण्याबरोबर आफ्रिकेने घेतलेला अनुभवही स्वीकारणे शहाणपणाचे ठरेल.

दरवर्षी टांझानियातील सेरेंगेटी आणि केनियातील मारा यांच्या दरम्यान लक्षावधी प्राणी चाऱ्याच्या शोधात स्थलांतर करतात. त्यांत विल्डबीस्ट या कुरंगांची संख्या दहा लाखांहून अधिक असते. साधारण जुलै ते ऑक्टोबर या काळात हे कळप मगरींनी भरलेली मारा नदी ओलांडतात. ते दृश्य पाहण्यासाठी काठावर गाड्यांची एवढी दाटी होते की कधी कधी प्राण्यांनाच उतरायला वाट उरत नाही. जुलै २०२५ मध्ये सेरेंगेटीच्या बाजूला पर्यटक गाड्यांतून उतरून नदीकाठी उभे राहिल्याची दृश्ये जगभर पाहिली गेली आणि त्यांवर मोठी टीका झाली. नियम नव्हते असे नाही. मारामध्ये एका प्राण्याजवळ एका वेळी पाचच गाड्या असाव्यात, इतर गाड्या प्रतीक्षेत असल्यास दहा मिनिटांत जागा सोडावी, प्राण्यापासून पंचवीस मीटर अंतर राखावे, असे नियम आहेत. परंतु नियम पाळणारा चालक आणि त्याला बक्षिसी देणारा पाहुणा यांचे नाते नाजूक असते. "जरा आणखी जवळ घ्या", हे पाहुण्याचे शब्द चालकाला आज्ञेसारखे वाटतात. नकार दिला तर बक्षिसी जाईल, कदाचित कामही जाईल, अशी भीती त्याला असते. म्हणून नियमभंगाचा दोष एकट्या चालकावर टाकणे न्याय्य नाही. मागच्या आसनावरून आलेली मागणी थांबली, तर पुढच्या आसनावरचा माणूस नियम सहज पाळू शकेल.

याउलट काही उपक्रम असे आहेत की ज्यांत मर्यादा हाच आनंदाचा पाया असतो. त्यांत पायी सफारीचे स्थान पहिले. आजच्या झांबियात, तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, नॉर्मन कार हे वन्यजीव अधिकारी होते. १९५० साली लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात त्यांनी न्सेफू प्रमुखांना एक प्रस्ताव दिला. जमातीच्या जमिनीचा काही भाग प्राण्यांसाठी राखावा, तेथे पाहुण्यांसाठी तळ उभारावा आणि त्याचे उत्पन्न जमातीला मिळावे, असा तो प्रस्ताव होता. शिकार न करता केवळ पाहण्यासाठी पाहुण्यांना रानातून पायी नेण्याची प्रथा पुढे याच खोऱ्यात रुजली. आजही तेथे सशस्त्र वनरक्षक आणि वाटाड्या यांच्यासोबत पाहुणे एका रांगेत, न बोलता चालतात. वाऱ्याची दिशा पाहून वाट बदलावी लागते. जीपमध्ये बसलेल्या माणसाला सिंहाशिवाय काही दिसत नाही. पायी चालणाऱ्याला वारूळ दिसते, शेणातील बिया दिसतात, पाखरांचा इशारा ऐकू येतो. मुख्य म्हणजे, या रानात आपण मालक नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. त्याची पावलेच ते त्याला शिकवतात.

बोट्स्वानातील ओकावांगो नदी समुद्राला न मिळता वाळवंटात पसरते. या त्रिभुज प्रदेशात 'मोकोरो' नावाच्या अरुंद होड्यांतून पाहुण्यांना नेतात. पूर्वी ही होडी एकाच खोडातून कोरून काढत. आता झाडे वाचावीत म्हणून ती अनेक ठिकाणी फायबरची असते. मागे उभा राहून लांब काठीने होडी ढकलणारा माणूस त्याच भागातला असतो. यंत्राचा आवाज नसतो, धूर नसतो, वेगही नसतो. पाण्यावरची कमळे, बोटाच्या पेराएवढे बेडूक आणि बगळे पाहत तास-दोन तास जातात. यादीतील पाचांपैकी एकही प्राणी न दिसता होडी परतू शकते, तरीही ती फेरी वाया गेली असे सहसा कोणी म्हणत नाही.

या दोन्ही उपक्रमांच्या अगदी विरुद्ध टोकाला सिंहाच्या छाव्यांना कुरवाळण्याचा उपक्रम आहे. दक्षिण आफ्रिकेत काही खासगी केंद्रांवर पाहुण्यांना छावे मांडीवर घेऊ देतात, बाटलीने दूध पाजू देतात. 'अनाथ छाव्यांची सेवा' असे त्याचे वर्णन केले जाते. वस्तुस्थिती बहुधा वेगळी असते. छावा काही दिवसांचा असतानाच त्याला आईपासून तोडतात, म्हणजे ती लवकर पुन्हा गाभण राहते. माणसाळलेला सिंह मोठा झाल्यावर रानात सोडता येत नाही. मग त्यांपैकी अनेकांच्या नशिबी कुंपणातील शिकार किंवा हाडांचा व्यापार येतो. पाहुण्याने प्रेमाने पाजलेले दूध अशा रीतीने एका क्रूर व्यवसायाचे भांडवल ठरते. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने नेमलेल्या समितीने २०२१ साली हा व्यवसाय बंद करण्याची शिफारस केली आणि २०२४ मध्ये तेथील मंत्रिमंडळाने त्या दिशेने धोरण मंजूर केले. परंतु गिऱ्हाईक आहे तोवर असा व्यवसाय नवे रूप घेत राहतो. वन्य प्राण्याला हात लावण्याची संधी जेथे विकत मिळते, तेथे वन्यपण आधीच विकले गेलेले असते.

रानाचा विचार करताना माणसांना विसरून चालणार नाही. आफ्रिकेच्या जाहिरातींतील रान नेहमी निर्मनुष्य दिसते. प्रत्यक्षात ते बऱ्याच ठिकाणी निर्मनुष्य नव्हते, तसे केले गेले. सेरेंगेटीतील मसाई पशुपालकांना १९५९ साली तेथून हलवण्यात आले आणि शेजारच्या न्गोरोन्गोरो भागात त्यांनी गुरांसह राहावे असे ठरले. २०२२ पासून तेथूनही त्यांना दूरच्या हांदेनी जिल्ह्यात नेण्याची मोहीम सुरू झाली आणि तिला मसाईंनी तीव्र विरोध केला. पाहुण्यांच्या डोळ्यांना रिकामे रान सुखावते. त्या सुखासाठी कोणाचे तरी घर रिकामे झालेले असू शकते.

मारा अभयारण्याच्या सीमेवर वेगळा मार्ग शोधला गेला आहे. तेथील मसाई जमीनधारकांनी आपापल्या जमिनी एकत्र करून सामाईक संरक्षित क्षेत्रे निर्माण केली. पर्यटन तळ त्यांना जमिनीचे नियमित भाडे देतात, तंबूंची संख्या मर्यादित ठेवतात आणि ठरलेल्या पाळीने गुरांना चराईही मिळते. २००५ साली या भागात मसाई तरुण-तरुणींना वाटाड्याचे शिक्षण देणारी शाळा सुरू झाली. दक्षिण केनियातील अंबोसेली परिसरात, पूर्वी सिंह मारून शौर्य सिद्ध करणाऱ्या मसाई योद्ध्यांमधूनच आता सिंहांचे राखणदार नेमले जातात. मसाईंचे उंच उड्यांचे नृत्य पाहण्याचा कार्यक्रम अनेक तळांवर असतो. पैसे देऊन नाच पाहणे हे काही पाप नव्हे. मात्र ज्या समाजाकडे केवळ नाचणारे म्हणून पाहिले जाते, त्याच समाजातील वाटाड्या जेव्हा पाहुण्यांना रान समजावून सांगतो, तेव्हा तो खऱ्या अर्थाने यजमान होतो. उपक्रम निवडताना हा भेद पाहिला पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. हजारो मैलांवरून, वर्षानुवर्षांची बचत खर्चून आलेल्या माणसाला तीन दिवसांत सिंह पाहावासा वाटला तर त्यात गैर काय? शिवाय त्याच्याच पैशावर अभयारण्य चालते. हा आक्षेप पोकळ नाही. २०२० साली महामारीमुळे पर्यटन थांबले, तेव्हा वनरक्षकांच्या पगारापासून जमिनीच्या भाड्यापर्यंत सर्वच उत्पन्न आटले. पाहुणा नको, असे आफ्रिकेतील रान म्हणू शकत नाही. परंतु पाहुण्याची गरज आहे, याचा अर्थ पाहुण्याचा प्रत्येक हट्ट पुरवावा असा होत नाही. ज्या दृश्यासाठी तो येतो, तेच त्याच्या हट्टाने नाहीसे होणार असेल, तर त्याच्यानंतर येणाऱ्याला काय दाखवायचे?

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. मर्यादा घालायच्या म्हणजे शुल्क वाढवायचे, आणि शुल्क वाढले की रान केवळ श्रीमंतांचे होते. रवांडात डोंगरी गोरिलांच्या एका कुटुंबाला दिवसातून आठच पाहुणे, तेही एक तास भेटू शकतात. २०१७ पासून परदेशी पाहुण्याला त्यासाठी दीड हजार डॉलर मोजावे लागतात. त्यातून गोरिलांचे रक्षण झाले आणि पर्यटनाच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा आसपासच्या वस्त्यांसाठी ठेवला गेला, हे खरे. तरीही पैसा हेच रानाचे एकमेव दार असू नये. क्रूगरचे उदाहरण येथे उपयोगी पडते. तेथे सामान्य कुटुंब स्वतःच्या मोटारीतून जाऊ शकते आणि देशातील नागरिकांना शुल्क कमी असते. पण सूर्यास्तापूर्वी फाटकाबाहेर किंवा मुक्कामी पोहोचावे लागते, पक्क्या रस्त्यावरही ताशी पन्नास किलोमीटरपेक्षा वेग चालत नाही, ठरलेल्या जागांखेरीज गाडीतून उतरता येत नाही आणि गर्दीच्या दिवशी प्रवेशाची संख्या मर्यादित असते. सर्वच प्रश्न तेथे सुटले आहेत असे नाही. परंतु मर्यादा पैशाने जशी घालता येते, तशी शिस्तीनेही घालता येते, एवढे त्यातून दिसते. शिस्त गरीब-श्रीमंत दोघांनाही सारखीच लागू होते, म्हणून ती अधिक न्याय्य आहे.

हा विचार आफ्रिकेपुरता ठेवण्याचे कारण नाही. ३१ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरजवळच्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात पर्यटकांच्या जिप्सींनी एका वाघिणीची आणि तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. मारा नदीच्या काठी जे घडते, तेच विदर्भातही घडू शकते, कारण घाई ही कोणत्याही एका देशाची मिरास नाही.

तेव्हा सफारीतील कोणताही उपक्रम पारखताना दोन गोष्टी तपासाव्यात. समोरच्या प्राण्याला निघून जाण्याची वाट मोकळी आहे काय? आणि त्या भूमीवरच्या माणसाला यजमानाचा मान आहे काय? या दोन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तर पायी चालणे, होडीतून जाणे, माग काढायला शिकणे, एवढेच नव्हे तर जीपमध्ये शांत बसून वाट पाहणे, हे सारे उपक्रम चांगलेच आहेत. उत्तर नकारार्थी असेल, तर कितीही आकर्षक कार्यक्रम पाहुण्याने नाकारावा. सिंह दिसला नाही म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. तो दिसावा म्हणून त्याची वाट अडवली, तर मात्र त्याचे बिघडते. आपल्या येण्याने घरच्यांचा घास हिरावला जाऊ नये, एवढी काळजी साधा पाहुणाही घेतो. रानात गेलेल्या माणसाकडून याहून अधिक अपेक्षा नाही, पण याहून कमीही नसावी.